कच्च्याबच्च्यांसह रस्त्यावर आलेल्या बाईला उभं करताना: इंदूरच्या मंडळांसाठी कामांचा क्रम

शिलाई मशीन सगळ्यात शेवटी. हे आधीच सांगून टाकते, कारण आपल्या भगिनी मंडळांत आणि गणेशोत्सव समित्यांत "एखाद्या गरजू बाईला मदत करू" असं ठरलं की पहिला प्रस्ताव मशीनचाच येतो. हार, नारळ, फोटो होतो. बाईला मशीन ठेवायला खोली नसते, कडेवरचं मूल सांभाळायला माणूस नसतं, आणि थोड्याच दिवसांत मशीन विकली जाते. मग बैठकीत सूर निघतो, "अशांना मदत करून काही उपयोग नाही." मदत चांगलीच असते, चुकतो तो क्रम.

हा लेख छोट्या गटांसाठी आहे: चार-सहा कार्यकर्ते, बेताचे पैसे, एका वेळी एकच कुटुंब. आई आणि सहा वर्षांच्या आतली एक-दोन मुलं, असं धरून चालले आहे. सरवटे बस स्टँड, रेल्वे स्टेशन, एम. वाय. हॉस्पिटलचा परिसर या भागांत अशा बाया दिसतात. खानदेशातून किंवा बऱ्हाणपूरकडून आलेली, मराठी नाहीतर अहिराणी बोलणारी असली की कुणीतरी मंडळाचा नंबर फिरवतं. तो फोन येण्याआधीची तयारी इथून सुरू होते.

## पूर्वतयारी: कुटुंब हाती घेण्याआधी

१. दोन माणसं नेमा, त्यातली एक बाईच हवी. तिच्याशी बोलणार हेच दोघं. रोज नवा कार्यकर्ता जाऊन "काय झालं हो ताई?" असं पहिल्यापासून विचारू लागला, की ती तिसऱ्या दिवशी बोलणं बंद करते.

२. सहा महिन्यांचा खर्च आधी बाजूला काढा. खोलीची अनामत, भाडं, दूध-किराणा, रिक्षा-सिटी बस, झेरॉक्स आणि प्रतिज्ञापत्रं, सगळं धरून. सहा कुटुंबांना एकेक महिना देण्यापेक्षा एका कुटुंबाला सहा महिने द्या. यावर बैठकीत वाद होतो, तो आधीच होऊ द्या.

३. हातात कुणाचंही प्रकरण नसताना कचेऱ्या पाहून या: सखी वन स्टॉप सेंटर, महिला व बाल विकास विभागाचा जिल्हा बाल संरक्षण विभाग, जिल्हा न्यायालयातलं विधी सेवा प्राधिकरण, तुमच्या भागातलं नगर निगमचं झोन कार्यालय आणि जवळची अंगणवाडी. वेळ काय, बसतं कोण, कागद कुठले मागतात, एवढं टिपून घ्या.

४. हे नंबर वहीच्या पहिल्या पानावर लिहा: तातडीसाठी ११२, मुलांसाठी १०९८, रुग्णवाहिका १०८, मोफत कायदेशीर मदत १५१००, आधार १९४७, आणि सरकारी काम अडलं तर मुख्यमंत्री हेल्पलाइन १८१.

सावधान: मंडळाच्या हॉलमध्ये मुलं ठेवून घेण्याचा विचारही करू नका. किशोर न्याय कायदा, २०१५ प्रमाणे नोंदणीशिवाय मुलांची संस्था चालवणं गुन्हा आहे. एकटं सापडलेलं मूल असेल तर २४ तासांच्या आत १०९८, पोलीस किंवा बाल कल्याण समितीला कळवणं बंधनकारक आहे.

## टप्पा १: पहिली भेट

आधी चहा, मुलांना दूध-पोहे. प्रश्न मग. पहिल्या दिवशी तीनच प्रश्न पुरे: आज रात्री झोपणार कुठे? मूल शेवटचं कधी जेवलं, अंगात ताप आहे का? कुणाची भीती आहे का? तिसरा प्रश्न बाई-कार्यकर्तीने, मुलांना जरा लांब बसवून विचारायचा. नवरा काय करतो, जात कुठली, माहेरचे का येत नाहीत, यातलं आज काहीही लागत नाही.

रस्त्यात रोख पैसे देऊ नका. इंदूर प्रशासनाने १ जानेवारी २०२५ पासून भीक देणाऱ्यावरही गुन्हा दाखल करण्याची मोहीम काढली, हे तर आहेच. पण तिच्या दृष्टीनेही रात्री उघड्यावर झोपताना कनवटीला पैसे असणं धोक्याचं असतं.

सावधान, फोटो: मदतीची गरज असलेल्या मुलाची ओळख उघड होईल असा फोटो किंवा मजकूर प्रसिद्ध करणं किशोर न्याय कायद्याच्या कलम ७४ खाली गुन्हा आहे. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर टाकलेला फोटोही महागात पडू शकतो. देणगीदारांना पावत्या दाखवा, चेहरे नकोत.

सावधान, समेट: प्रत्येक मंडळात एक वडीलधारे काका असतात. "भांड्याला भांडं लागतंच" म्हणत ते तिच्या नवऱ्याला फोन लावतात. भावना चांगली, पण त्या फोनने तिचा ठावठिकाणा त्याला कळतो. तिने स्वतः सांगितल्याशिवाय सासरी-माहेरी एकही फोन करायचा नाही.

## टप्पा २: त्या रात्रीचं छत

तिसऱ्या प्रश्नाच्या उत्तरावर पुढची वाट ठरते.

मारहाणीची किंवा कुणी मागावर असल्याची भीती असेल तर थेट सखी वन स्टॉप सेंटर. तिथे पाच दिवसांपर्यंत तात्पुरता निवारा, पोलीस मदत, वैद्यकीय तपासणी आणि वकिलाचा सल्ला एका ठिकाणी मिळतो. पुढचा मुक्काम शक्ती सदनात होऊ शकतो. पूर्वीची स्वाधार गृहं आता याच नावाखाली आली आहेत. आईबरोबर येणाऱ्या मुलग्यासाठी वयाची मर्यादा असते, म्हणून मुलगा मोठा असेल तर निघण्याआधीच फोनवर विचारा. दारात पोचल्यावर मुलाला वेगळं करायची वेळ आली, तर बाई रात्रीतच तिथून निघून जाते.

भीती नाही, घर तेवढं नाही, असं असेल तर रैन बसेरा, म्हणजे रात्रनिवारा. तिला नेण्याआधी तुमच्यातल्या बाईने आत जाऊन पाहावं: बायकांची खोली वेगळी आहे का, आतून कडी लागते का, संडासाकडे जाताना उजेड आहे का, दिवसा थांबू देतात का. दिवसा बाहेर काढत असतील तर मुलासह ती दहा तास बसणार कुठे, हेही त्याच वेळी ठरवा. जेवणासाठी दीनदयाळ रसोई केंद्रात पाच रुपयांत ताट मिळतं.

इथे कुणीतरी हमखास सुचवतं, "मुलांना आश्रमात टाका, म्हणजे बाई मोकळी होईल." हा सल्ला मानू नका. कायद्याच्याच दृष्टीने संस्थेत ठेवणं हा शेवटचा उपाय आहे. मूल आईपाशी राहावं म्हणून मिशन वात्सल्य या सरकारी योजनेत प्रायोजकत्वाची, म्हणजे मुलासाठी दरमहा पैशांची, सोय आहे. विधवा, घटस्फोटित किंवा टाकलेल्या बाईच्या मुलाला महिन्याला ४,००० रुपये मिळू शकतात, शहरात कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ९६,००० रुपयांच्या आत असेल तर. अर्ज जिल्हा बाल संरक्षण विभागात द्यायचा, मंजुरी कलेक्टरच्या अध्यक्षतेखालची समिती देते. वेळ लागतो, म्हणून अर्ज लवकर द्या, पण पहिला हप्ता खात्यात पडेपर्यंत तो हिशेबात धरू नका.

## टप्पा ३: मुलांची तपासणी

पहिल्या दोन-तीन दिवसांत मूल अंगणवाडीत किंवा संजीवनी क्लिनिक या सरकारी दवाखान्यात न्या. दंडाचा घेर मोजायची रंगीत पट्टी तिथे असते. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाचा घेर साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली आला, किंवा दोन्ही पावलांवर सूज असून बोटाने दाबल्यावर खळगा राहत असेल, तर तो तीव्र कुपोषणाचा इशारा आहे. सुजेमुळे असं मूल उलट गुटगुटीत वाटतं, आणि फसगत इथेच होते.

अशा मुलाला पोषण पुनर्वास केंद्रात साधारण १४ दिवस ठेवतात. आईची राहण्या-जेवणाची सोय होते, बुडालेल्या मजुरीपोटी काही रक्कमही मिळते. तरीही बाया नको म्हणतात, कारण दुसऱ्या मुलाला कुठे ठेवायचं? त्याची सोय आधी करा, भरतीचं मग बोला.

लसीकरणाचं कार्ड हरवलं असेल तरी लसी थांबवायच्या नाहीत, नवं कार्ड करून मिळतं. बाई गरोदर असेल तर त्याच दिवशी नाव नोंदवा. सरकारी दवाखान्यात प्रसूती झाल्यावर जननी सुरक्षा योजनेत शहरात १,००० रुपये मिळतात. मातृ वंदना योजनेत पहिल्या बाळासाठी ५,००० आणि दुसरी मुलगी झाली तर ६,००० रुपये आहेत.

तपासा: ती सध्या जिथे मुक्कामाला आहे त्याच भागातल्या अंगणवाडीत मुलाचं नाव लागलं का?

## टप्पा ४: कागदपत्रं, आणि त्यांचा आपसातला क्रम

सगळ्यात जास्त घोळ होतो तो इथे. बाई एक प्लास्टिकची थैली काढते. आत अर्धवट फाटलेलं लसीकरण कार्ड, दवाखान्याची चिठ्ठी, लॅमिनेट केलेलं आधार आणि त्याच्या मागे पेनाने लिहिलेला एक मोबाइल नंबर. तो नंबर बहुतेक वेळा नवऱ्याचा किंवा दिराचा असतो. त्या नंबराचं काय करायचं हे आधी ठरवा, बाकीचं नंतर.

मोबाइल. तिच्या नावाचं सिम घ्या. साधा फोन चालतो. मंडळाच्या माणसाचा नंबर कुठल्याही फॉर्मवर टाकू नका. सहा महिन्यांनी तुम्ही बाजूला झालात की तिचे सगळे ओटीपी तुमच्याकडे येत राहतील.

आधार. केंद्रावर जाऊन पहिलं काम म्हणजे जुना मोबाइल नंबर बदलणं. त्याला पुरावा लागत नाही, तिचे ठसे लागतात. हे न करता कुठलाही अर्ज भरला तर ओटीपी नवऱ्याच्या फोनवर जातो, आणि ती कुठल्या योजनेसाठी कुठे अर्ज करते आहे ते त्याला बसल्या जागी कळतं. आधार हरवलं असेल तर नवी नोंदणी करू नका. ठसे जुळल्याने दुसरी नोंदणी बाद होते आणि महिनाभर फुकट जातो. जुनाच नंबर ठशांवरून शोधून घ्या. पत्त्यासाठी प्रमाणपत्र द्यायचं असेल तर ते केंद्रावर मिळणाऱ्या ठरावीक नमुन्यातच हवं. कुणाची सही चालते ते त्या नमुन्यावर छापलेलं असतं. मंडळाच्या लेटरहेडवरचं सुबक पत्र तिथे चालत नाही. पाच वर्षांखालच्या मुलाचं आधार आईच्या आधारावर होतं, त्याचे ठसे घेत नाहीत.

बँक. खातं तिच्या एकटीच्या नावे, शून्य शिल्लकीचं. कागद अजिबात नसतील तर बँकेच्या माणसासमोर फोटो आणि सही किंवा अंगठा देऊन 'छोटं खातं' उघडता येतं. ते १२ महिने चालतं, महिन्याला १०,००० रुपयांपर्यंत काढता येतात. मग खातं आधारशी जोडून घ्या, आणि बँकेतूनच खात्री करा की सरकारी पैसे आता याच खात्यात येतील. आधारवर येणारे पैसे सगळ्यात शेवटी जोडलेल्या खात्यात जातात. तिचं नाव लाडली बहना किंवा महाराष्ट्रातल्या लाडकी बहीण योजनेत आधीपासून असेल, तर इतके दिवस ते पैसे कुणी काढले हेही इथे उघड होतं. भांडण उकरू नका, जोडणी बदला.

समग्र, म्हणजे राज्य सरकारची कुटुंबनोंदणी. मध्य प्रदेशात याच्याशिवाय पान हलत नाही. कुटुंबाचा आठ अंकी आणि माणसाचा नऊ अंकी असे दोन नंबर असतात. तिचं आणि मुलांचं नाव सासरच्या कुटुंबात असेल तर वेगळं कुटुंब करण्याचा अर्ज द्यावा लागतो, त्याआधी ई-केवायसी, म्हणजे आधारवरून ओळख पडताळणी. मुलांची नावं तिच्याच नव्या कुटुंबात आली का, ते डोळ्यांनी पाहा. आई एकीकडे आणि मुलं दुसरीकडे राहिली की पुढे शाळाप्रवेश अडतो.

रेशन. पात्रता पर्ची, म्हणजे रेशन मिळण्याची चिठ्ठी, समग्रवरून निघते. प्राधान्य गटात माणशी महिन्याला ५ किलो धान्य फुकट मिळतं. महाराष्ट्राच्या रेशन कार्डात नाव असेल तर 'एक देश एक रेशन कार्ड'मुळे इथल्या कंट्रोलच्या दुकानावरही ठसा देऊन धान्य उचलता येतं. पण कार्ड सासरचं असेल तर घरचा कोटा कमी झाल्याचं तिकडे कळतं. भीतीचं प्रकरण असेल तर ही उचल टाळा.

जन्मदाखला. २१ दिवसांच्या आत नोंद फुकट होते, ३० दिवसांपर्यंत विलंब शुल्क भरून, त्यानंतर वर्षभरापर्यंत अधिकाऱ्याच्या लेखी परवानगीने, आणि वर्ष उलटल्यावर दंडाधिकाऱ्याच्या आदेशाने. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांसाठी शाळेपासून पुढे सगळीकडे जन्मतारखेचा पुरावा म्हणून हाच दाखला लागणार आहे, तेव्हा टाळाटाळ नको. खिडकीवर "वडिलांचं नाव आणा" म्हणाले तर सर्वोच्च न्यायालयाचा २०१५ चा निकाल सांगा: एकट्या आईने प्रतिज्ञापत्र दिलं की तेवढ्यावर दाखला द्यायचा आहे. मूल सहा वर्षांचं झालं असेल तर वयाचा दाखला नाही म्हणून शाळा प्रवेश नाकारू शकत नाही, हे शिक्षण हक्क कायद्यातच आहे.

नवरा वारला असेल तर कल्याणी पेन्शनचा अर्ज याच फेरीत द्या. मारहाणीचं प्रकरण असेल तर २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली तिला सासरच्या घरात राहण्याचा हक्क आणि खर्च दोन्ही मागता येतात. वकील मोफत मिळतो, कारण बाईला विधी सेवेसाठी उत्पन्नाची अट नाही. तिने मागावं की नाही हे मात्र तीच ठरवेल.

कागद खिडकीवरच अडला तर हुज्जत घालत बसू नका. मंगळवारी कलेक्टर कार्यालयात जनसुनवाई असते, तिथे लेखी अर्ज देऊन पोच घ्या.

तपासा: मूळ कागद तिच्याकडे, तुमच्याकडे फक्त झेरॉक्स. मंडळाच्या कपाटात अडकलेलं मूळ आधार ही उपकाराची बेडी होते.

## टप्पा ५: मुलाची दिवसाची जागा

नोकरी शोधण्याआधी हे. अंगणवाडीच्या वेळा आणि कामाच्या वेळा जुळत नाहीत, आणि मधल्या तासांवरच काम सुटतं. पाळणा योजनेत सहा महिने ते सहा वर्षांच्या मुलांसाठी दिवसभराची सोय असलेल्या अंगणवाड्या आहेत. तुमच्या भागात अशी आहे का ते अंगणवाड्यांच्या प्रकल्प कार्यालयात विचारा. नसेल तर आसपासच्या एखाद्या मावशींना ठरावीक पैसे देऊन मूल सांभाळायला सांगा. हा खर्च मंडळाने बिनदिक्कत करावा. माझ्या मते सहा महिन्यांतला सगळ्यात कामी येणारा रुपया हाच.

मूल तिथे आठवडाभर रुळू द्या. आई जाताना रडतं, पण ती परतेपर्यंत जेवलेलं आणि झोपलेलं असेल तर पुढे जा.

## टप्पा ६: काम

पहिलं काम असं हवं की पगार ठरलेल्या तारखेला येईल आणि रविवार-सणाला मूल कुठे ठेवायचं हा प्रश्न पडणार नाही. घरोघरी पोळ्या, टिफिन सेंटर, शाळेतली मदतनीस, सांवेर रोडच्या कारखान्यांतलं पॅकिंग, यातलं जे मुलाच्या जागेच्या जवळ असेल ते. पगार थोडा कमी पण अर्ध्या तासाच्या अंतरावर, हे नेहमी परवडतं. रात्रपाळी नको.

मंडळाच्या बायकांना फराळाची कल्पना फार आवडते. चकल्या-अनारसे दिवाळीत हातोहात खपतात, पण भाडं बाराही महिने द्यावं लागतं. फराळ ही वरकमाई समजा. मशीनचंही तसंच: खोली झाली, पगाराला दोन महिने झाले, आणि तिला शिवण खरंच येतं किंवा शिकायचं आहे असं तीच म्हणाली, तर घ्या.

तपासा: पहिला पगार किती, कुठल्या तारखेला, रोख की खात्यात? मालकाने "बघू" म्हटलं असेल तर ते काम मोजू नका.

## टप्पा ७: खोली

काम दोन-तीन आठवडे टिकलं की खोली. निवाऱ्याची मुदत आधीच संपत असेल तर खोली पुढे ओढा, पण ती मुलाच्या जागेपासून चालत जाण्याइतकी असावी.

एकट्या बाईला खोली द्यायला घरमालक कां-कूं करतात. मंडळाच्या दोघांनी जाऊन "अडचण आली तर आम्हाला फोन करा" म्हटलं की बरंच काम होतं. तिची कहाणी मात्र मालकाला सांगायची नाही. करारनामा तिच्या नावाचा हवा, मंडळाच्या नव्हे. अनामत परत कुणाला मिळणार ते त्यातच लिहा. भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यात देणं मालकाचं काम आहे, ते झालं का विचारा. पाहताना दाराची कडी, संडास, विजेचं वेगळं मीटर आणि पाणी बघा. नर्मदेचं पाणी एक दिवसाआड येतं तिथे टाकी नसेल तर नळाच्या वेळेला ती कामावर असणार, मग पाणी भरणार कोण?

सामान एकदम देऊ नका. गॅस, दोन पातेली, तवा, अंथरूण, बादली, कुलूप. बाकीचं ती तिच्या पैशातून, तिच्या पसंतीने घेईल.

## टप्पा ८: हात काढून घेणं

भाड्यातला तुमचा वाटा आधीच लिहून तिला सांगा: पहिले दोन महिने पूर्ण, तिसऱ्या महिन्यात तीन चतुर्थांश, चौथ्यात निम्मा, पाचव्यात पाव, सहाव्यात शून्य. पैसे मालकाच्या हातात न देता तिच्या खात्यात टाका आणि भाडं तिला भरू द्या. पावती मागितली तर ती राग मानत नाही. "खर्च कशावर केलास?" असं चारचौघांत विचारलं तर मानते, आणि मानायलाच हवा.

दर पंधरा दिवसांनी एक फेरी पुरे, आणि आधी फोन करून. हळदीकुंकवाला किंवा गणपतीत "आमच्या मदतीने उभी राहिलेली ताई" म्हणून तिला व्यासपीठावर बोलावू नका. यायचं तर ती पाहुणी म्हणून येईल, इतर बायकांसारखी.

सहाव्या महिन्यानंतर वही बंद करा. ती पुन्हा उघडायची तीनच कारणं ठरवून ठेवा आणि तिलाही सांगा: भाडं लागोपाठ दोन महिने थकलं, मूल पंधरा दिवस अंगणवाडीत किंवा शाळेत दिसलं नाही, किंवा ज्याची भीती होती तो दारात आला. तिसऱ्यात तुमच्या फोनची वाट पाहायची नाही, आधी ११२ लावायचा, हे तिच्याकडून एकदा म्हणवून घ्या.